हेडलाइट लागत नाही? नवीन बल्ब घेण्याआधी या चुका टाळा

हेडलाइट गेला की पहिला बळी बल्बचा. नवीन आणला, लावला, लागला नाही, की दुकानदारानं डुप्लिकेट माल दिला म्हणून ओरड. तपासत कोणीच नाही. आपल्याकडं रात्रीच्या रस्त्यावर रोही (नीलगाय) आडवा येतो, रानडुकरांचा कळप येतो, वळणावर बिनलाइटची, कापूस भरलेली बंडी (बैलगाडी) उभी असते. तिथं अंदाजपंचे दुरुस्ती चालत नाही.

आधी नेमकं काय बंद आहे ते पाहा. एकच बाजू गेली असेल तर त्या बाजूचा फ्यूज, होल्डर, बल्ब किंवा अर्थ, म्हणजे दिव्यातून गाडीच्या बॉडीला जाणारी वायर. दोन्हीकडचं सगळंच गेलं असेल तर मेन फ्यूज, रिले (छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा डबीसारखा स्विच) नाहीतर स्टिअरिंगखालचा कॉम्बिनेशन स्विच. दोन्ही डिपर (खालचा, जवळचा झोत) बंद आणि अपर (वरचा, लांबचा झोत) चालू असेल तर स्विच खोलायची घाई करू नका. बरेचदा एका बाजूचा डिपर महिनाभर आधीच उडालेला असतो, दुसरा आज उडतो, आणि मालक म्हणतो, "भाऊ, दोन्ही एकदमच गेले."

अर्थ न तपासणं

सगळ्यात जास्त पैसे इथंच वाया जातात. लाइट लागतो, पण पिवळट, मिणमिणता. डिपर लावला तरी त्याच दिव्यात अपरची तारही (बल्बमधली फिलामेंट) मंद तापते आणि मीटरवरचा निळा दिवा हलका पेटतो. हे दिसलं की बल्ब बदलू नका. करंटला बॉडीत जायचा रस्ता सापडत नाही, म्हणून तो अपरच्या तारेतून उलटा फिरतो.

एका पिकअपचंच घ्या. डावा लाइट मंद म्हणून बल्ब बदलला, परत बदलला, मग बॅटरी नवीन टाकली. शेवटी कोणाच्या तरी सल्ल्यानं १०० वॅटचा बल्ब. त्यानं उजेड वाढला नाही, होल्डरचं प्लॅस्टिक मात्र वितळलं. गाडीचं आधी डेंटिंग-पेंटिंग झालं होतं आणि पेंटरनं अर्थच्या बोल्टखाली, थेट पत्र्यावर रंग मारला होता. वायरचा लग, म्हणजे टोकाची धातूची कडी, रंगावर बसलेला. दहाचा पान्हा, पॉलिश पेपरचा तुकडा आणि दहा मिनिटं, एवढंच काम होतं.

तपासणी सोपी आहे. लाइट चालू ठेवा. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर, काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल पिन होल्डरच्या अर्थच्या टोकाला. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक; अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर अर्थ खराब. मीटर नसेल तर बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक वायर थेट त्या टोकाला लावा. लाइट भक्कन वाढला की चोर सापडला. काही गाड्यांत स्विच अर्थच्या बाजूला असतो, तिथं होल्डरच्या सामाईक पिनवर कायम पॉझिटिव्ह येतं. म्हणून वायर लावण्याआधी टेस्ट लॅम्पनं पिन ओळखा, नाहीतर ठिणगी पाहाल. बोल्टखालचा पत्रा चकचकीत घासायचा, दातेरी वॉशर टाकून कसायचा आणि ग्रीस वरून लावायचं. आधी ग्रीस लावणारे बरेच आहेत.

फ्यूजच्या जागी तार

सिगारेटच्या पाकिटातली चांदी, तांब्याच्या तारेचा केस, नाहीतर १० अँपिअरच्या लाल फ्यूजच्या जागी ३० चा हिरवा. याला जुगाड म्हणणाऱ्यांना वायरिंग जळाल्याचा वास एकदा तरी घ्यायला लावावा. फ्यूज उगाच उडत नाही. एच-४, म्हणजे अपर-डिपर एकत्र असलेला बल्ब, ६०/५५ वॅटचा, म्हणजे साधारण ५ अँपिअर. त्या जागी १०० वॅट लावले तर ८ च्या वर, आणि कंपनीची वायर त्यासाठी नसते. नवीन फ्यूज लगेच उडाला तर बल्ब काढून पाहा. तरीही उडाला तर शॉर्ट वायरमध्ये आहे. बॉनेटखाली उंदरानं कुरतडलेली जागा शोधा. घराजवळ सोयाबीन-तुरीची पोती असतील तर आधी तिथंच पाहा.

उजेड कमीच वाटत असेल तर जादा वॅट नको, रिले लावा. ३० नंबरला बॅटरीकडून फ्यूज लावून वायर, ८७ वरून दिव्याकडं, ८५-८६ ला जुन्या होल्डरची वायर आणि अर्थ. बल्बला १३.५ ऐवजी १२ च व्होल्ट मिळत असतील तर उजेड जवळजवळ एक तृतीयांश घटतो. बल्ब तोच ठेवूनही फरक दिसेल.

बाकीच्या

हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावू नका. लागलंच तर स्पिरिटनं पुसा.

हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये स्वस्त एलईडी म्हणजे समोरच्याच्या डोळ्यात उजेड आणि आपल्या रस्त्यावर अंधार.

काचेत पाणी साचलं म्हणून सगळीकडून सिलिकॉन फासू नका. मागचं हवेचं भोक चिखलानं बुजलेलं असतं, ते मोकळं करा.

काम झालं की फोकस पाहा. सपाट जागी, भिंतीपासून २५ फुटांवर, डिपरची वरची रेघ दिव्याच्या मध्यापेक्षा साधारण ३ इंच खाली पडायला हवी. मागं माल भरला की नाक वर होतं. डॅशबोर्डवर ० ते ३ चा नॉब असेल तर रिकाम्या गाडीला ०, भरल्यावर आकडा वाढवा; जिनिंगवरून रिकामं परतताना पुन्हा ० वर आणा.