शॉर्ट बेड पिकअपसाठी फिफ्थ व्हील हिच कसा निवडावा: आधी टेप, मग पाकीट

अमेरिकेत पिकअप घेणारी आपली माणसं बहुधा ट्रक आधी घेतात आणि ट्रेलरचा विचार नंतर करतात. पोरंबाळं मागे ऐसपैस बसली पाहिजेत, गाडी गॅरेजात मावली पाहिजे, म्हणून कॅब मोठी आणि बेड, म्हणजे मागचा उघडा हौदा, आखूड. एफ-१५० ला साडेपाच फुटी, रॅम २५०० ला सहा फूट चार इंची, फोर्ड सुपर ड्यूटीला पावणेसात फुटी. मग कधीतरी तीस फुटी फिफ्थ व्हील ट्रेलर, म्हणजे ज्याचं नाक ट्रकच्या बेडवर येतं असा ट्रेलर, मनात भरतो आणि तो जोडायला बेडमध्ये बसवायचा हिच कुठला घ्यायचा, ही शोधाशोध सुरू होते.

या प्रश्नाला दोन तयार उत्तरं मिळतात. "शॉर्ट बेड ना? मग स्लायडर, म्हणजे सरकता हिच, लागणारच." आणि "छे, हल्लीच्या ट्रेलरना काही लागत नाही, साधा घ्या." दोन्ही सल्ले तुमचा ट्रक आणि तुमचा ट्रेलर न बघता दिलेले असतात. एकात पैसे फुकट जातात, दुसऱ्यात कॅबची मागची काच.

जोडणीचं तत्त्व सोपं आहे. उरण-न्हावाशेवाच्या रस्त्यावर कंटेनर ओढणारे ट्रेलर पाहिले असतील तर तेच इथे. ट्रेलरच्या नाकाखाली दोन इंच व्यासाची किंगपिन असते, ती ट्रकच्या मागच्या ॲक्सलवर बसवलेल्या हिचच्या तबकडीच्या जबड्यात अडकते आणि ट्रेलर तिच्याभोवती वळतो. त्या कंटेनरवाल्या ट्रकांत पिन आणि कॅब यांच्यातलं अंतर ट्रेलर वळवायच्या हिशेबानेच ठेवलेलं असतं. आपल्या पिकअपमध्ये ते गॅरेजच्या हिशेबाने ठरलेलं असतं. सगळी भानगड तिथून सुरू होते.

वजन

हे आधी, कारण इथे गणित फसलं तर पुढचं वाचायची गरजच नाही. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा पिवळा स्टिकर बघा. माणसं आणि सामान मिळून ट्रकवर किती पौंड चालतील, ते त्यावर लिहिलेलं असतं. फिफ्थ व्हीलच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा पिनवर, म्हणजे तुमच्या ट्रकवर येतो. ९,००० पौंडांच्या ट्रेलरचे १,८०० पौंड. त्यात हिच स्वतः दीडशे ते तीनशे पौंडांचा, वर चार माणसं. स्टिकरवर १,६०० लिहिलं असेल तर विषय संपला. एफ-१५० सारख्या हाफ-टन ट्रकवाल्यांपैकी पुष्कळांचा इथेच संपतो, आणि डीलरकडे ही गोष्ट तुम्हाला कोणी आपणहून सांगणार नाही.

ब्रोशरमधलं "हिच वेट" धरू नका. ते रिकाम्या ट्रेलरचं असतं. गॅसच्या टाक्या, बॅटरी आणि पुढच्या कप्प्यातलं सामान हे सगळं नाकाकडेच असतं. ट्रेलरचं कमाल अनुज्ञेय वजन घ्या आणि त्याचे वीस ते बावीस टक्के काढा. हिचची क्षमता त्या कमाल वजनाच्या वर असली की पुरे. पंचवीस हजार पौंडांचा हिच बसवल्याने ट्रकची ताकद एका पौंडानेही वाढत नाही.

कॅब आणि ट्रेलरचा कोपरा: इथे घाई नको

सगळ्यात जास्त मी अडखळलो ते इथे. कारण जो तो "क्लिअरन्स" म्हणतो, पण कशापासून कशापर्यंत ते कोणीच धड सांगत नाही.

ट्रेलर साधारण ९६ ते १०२ इंच रुंद असतो. १०२ चा निम्मा ५१. ट्रक आणि ट्रेलर काटकोनात आले की ट्रेलरची बाजूची भिंत कॅबसमोर येते, आणि ट्रेलरचं नाक सरळ चौकोनी असेल तर ती पिनपासून ५१ इंचांवर असते. आता तुमच्या ट्रकच्या मागच्या चाकाच्या मध्यापासून कॅबच्या पाठीपर्यंत मोजा. लांब बेडमध्ये हे अंतर पंचावन्न-साठ इंचांच्या घरात असतं, म्हणून ते लोक निवांत. साडेसहा फुटांच्या आसपासच्या बेडमध्ये चाळीसच्या आगेमागे, आणि साडेपाच फुटीत त्याहून बरंच कमी. चाळिसात एक्कावन्न मावत नाहीत. शिवाय पिन ॲक्सलच्या बरोबर वर किंवा दोन-चार इंच पुढे असावी लागते, म्हणजे तेवढे इंच आणखी गेले. पिन ॲक्सलच्या मागे नेऊन जागा करावी असं कोणी सुचवलं तर त्याचा सल्ला पुन्हा घेऊ नका. ट्रकची मागची बाजू दबते, पुढची चाकं हलकी होतात आणि महामार्गावर स्टिअरिंग ऐकेनासं होतं.

असं असूनही बरेच शॉर्ट बेडवाले साध्या हिचवर सुखाने फिरतात, कारण हल्लीच्या ट्रेलरचं नाक चौकोनी नसतं. कोपरे गोल किंवा आत कापलेले असतात आणि पिन नाकाच्या पुढे काढलेली असते. त्यामुळे पूर्ण रुंदीची भिंत पिनच्या बऱ्याच मागे सुरू होते. ट्रेलरवर "९० अंश वळतो" असा स्टिकर असतो तो या जोरावर. पण त्या स्टिकरला तुमचा ट्रक माहीत नाही. आणि एक गोष्ट हमखास निसटते. लोक कॅबच्या काचेच्या मध्याकडे बघत बसतात, आणि घासतो तो कॅबचा मागचा कोपरा. कॅब जवळजवळ ऐंशी इंच रुंद असते. वळताना ट्रेलरची भिंत जिथे पूर्ण रुंद होते तो भाग नेमका त्या कोपऱ्याकडे येतो.

म्हणून नुसती बेरीज-वजाबाकी पुरत नाही, चित्र काढावं लागतं. मुलांची कंपासपेटी घ्या, चौकटींचा कागद आणि स्वयंपाकघरातला बटर पेपर.

ट्रेलर सपाट जागी उभा असताना दोरीला नट बांधून ओळंबा करा. किंगपिनच्या मध्यातून तो खाली सोडा आणि डांबरावर खडूने खूण करा. मग पिनपासून मागे दर बारा इंचांवर ट्रेलरची भिंत डावी-उजवीकडे कुठवर येते, तेही ओळंब्याने खाली उतरवा. ट्रकच्या कॅबच्या काचेची उंची आधी मोजून ठेवा आणि भिंतीचं माप त्या उंचीवरच घ्या. बेडच्या काठाखालचा किंवा टपाच्या वरचा आकार कॅबला लागत नाही. सेल्समन "एवढं कशाला" म्हणेल. म्हणू द्या.

घरी येऊन चौकटीच्या कागदावर एक चौकोन म्हणजे चार इंच धरा. कॅबची पाठ म्हणून वीस चौकोनांची आडवी रेघ ओढा. तिच्या मध्यातून खाली, तुमच्या ट्रकमध्ये पिन जिथे येईल तिथे ठिपका द्या. पिन ॲक्सलच्या किती पुढे येते ते हिचच्या माहितीपत्रकात असतं. दोन जागा दिल्या असतील तर पुढची धरा. कॅबवरचा ब्रेकचा दिवा बाहेर आला असेल, बेडमध्ये टूलबॉक्स असेल, तर तेही काढा. बटर पेपरवर त्याच मापाने ट्रेलरच्या नाकाचा आकार काढा, पिनच्या ठिपक्यावर ठिपका ठेवा, टाचणी टोचा आणि कागद हळूहळू फिरवा. ट्रेलरची रेघ कॅबच्या रेघेला कुठे आणि किती अंशांवर टेकते ते कोनमापकाने वाचा. इंटरनेटवरच्या शंभर मतांपेक्षा ही टाचणी जास्त खरं बोलते.

टेकत नाही एवढ्यावर खूश होऊ नका. किमान चार इंच मोकळे राहायला हवेत. कागद सपाट असतो, कॅम्पग्राउंड नसतं. ट्रकचं एक चाक खड्ड्यात आणि ट्रेलरचं उंचवट्यावर गेलं की नाकाचा वरचा कोपरा कॅबकडे झुकतो.

टाचणीने काय सांगितलं, त्यावरून हिच

काटकोनातही चार इंच उरत असतील तर साधा, न सरकणारा हिच घ्या. हलका, स्वस्त, बिघडायला काही नाही. स्लायडर विकणाऱ्याला हात जोडा आणि बाहेर पडा.

साठ-सत्तर अंशांच्या पुढे टेकत असेल तर मॅन्युअल स्लायडर चालेल, पण तो कसा वापरतात हे समजून मगच. ट्रक आणि ट्रेलर सरळ रेषेत आणायचे, उतरून लीव्हर ओढायचा, कॅबमधल्या ब्रेक कंट्रोलरने ट्रेलरचे ब्रेक धरून ठेवायचे आणि ट्रक हळूच पुढे घ्यायचा. हिच बेडमध्ये मागे सरकून टक् करून बसतो. साधारण दहा-बारा इंच जागा मिळते. साइटमध्ये ट्रेलर लावला की उलट क्रम. मागे सरकवलेल्या स्थितीत पिन ॲक्सलच्या मागे असते, म्हणून हे फक्त कासवगतीसाठी. त्या अवस्थेत रस्त्यावर जाऊ नका.

माझं मत स्पष्ट आहे. ज्याला दर मुक्कामी अवघड जागेत रिव्हर्स करावं लागतं, त्याने मॅन्युअलच्या वाटेला जाऊ नये. अंधार पडलाय, पाऊस आहे, मागे दोन गाड्या खोळंबल्यात, मुलं भुकेली आहेत, अशा वेळी लीव्हर ओढायला कोणी उतरत नाही. "बसेल एवढ्यात" म्हणून आणखी थोडं वळवलं जातं आणि मग कर्रर्र.

साठच्या आधीच टेकत असेल तर दोन रस्ते. पहिला, ऑटो स्लायडर, उदाहरणार्थ पुलराइटचा सुपरग्लाइड. ट्रेलर वळू लागला की हिच आपोआप मागे सरकतो आणि सरळ झाला की पुढे येतो. यासाठी ट्रेलरच्या पिन बॉक्सखाली (किंगपिन जिला बसवलेली असते ती नाकाखालची पेटी) कॅप्चर प्लेट बसवावी लागते, म्हणजे तबकडी ट्रेलरबरोबर फिरते आणि त्या फिरण्यातून सरकणं घडतं. प्लेट तुमच्या पिन बॉक्सच्या मॉडेलचीच हवी. ट्रेलर बदलला की प्लेटही बदलावी लागू शकते. आणि जोडताना-सोडताना ट्रक-ट्रेलर शक्य तितके सरळ ठेवा. तिरक्या अवस्थेत सोडलात तर दुसऱ्या दिवशी जोडताना घाम फुटेल.

दुसरा रस्ता म्हणजे हिच साधा ठेवून ट्रेलरचा पिन बॉक्सच बदलणं. रीसचा साइडवाइंडर हा त्यातला जुना प्रकार. पिन हिचमध्ये पाचर मारून घट्ट बसते, फिरत नाही, आणि ट्रेलर तिच्या बावीस इंच मागे असलेल्या सांध्यावर वळतो. चाळिसात बावीस मिळवले की बासष्ट, म्हणजे एक्कावन्न आरामात. ट्रकमध्ये जड सरकतं यंत्र नको असेल तर मला हा मार्ग जास्त पटतो. मात्र हा आणि ऑटो स्लायडर एकत्र चालत नाहीत. तिथे पिनने फिरायलाच हवं, इथे तिने फिरायचंच नाही.

अँडरसनचा ॲल्युमिनियमचा बॉल-हिच अतिशय हलका आहे आणि वजनाच्या काठावर असलेल्यांना मोह पाडतो. वजनाचा प्रश्न तो हलका करतो, अंतराचा सोडवत नाही. टाचणी पुन्हा फिरवाच. गूजनेकच्या, म्हणजे बेडच्या तळाशी बसवलेल्या, बॉलवर बसवायची लांब नळकांडी विकत मिळतात, त्यांच्याबद्दल ट्रेलरची चेसिस बनवणाऱ्याकडून लेखी घेतल्याशिवाय एक डॉलरही खर्चू नका. लांब दांड्याने फ्रेमवर येणारा पीळ वेगळा असतो आणि वॉरंटी तिथेच अडते.

उरलेलं

ट्रकमध्ये कारखान्यातूनच हिचसाठी खळगे दिलेले असतील तर त्याच खळग्यांत बसणारा हिच घ्या. काढला की बेड मोकळा. नसतील तर रेल बोल्ट कराव्या लागतात. तुमच्याच मॉडेलचे ब्रॅकेट मागा, आणि भोक पाडण्याआधी बेडखालून ब्रेकच्या आणि इंधनाच्या नळ्या कुठून जातात ते वाकून बघा.

जबडा पिनला पूर्ण वेढणारा हवा. तबकडी चारी दिशांना झुकणारी हवी.

उंची अशी ठेवा की बेडचा काठ आणि ट्रेलरचा तळ यांत निदान सहा इंच राहतील आणि ट्रेलर शक्यतो सपाट दिसेल. हल्लीचे ट्रक उंच झालेत, त्यामुळे दोन्ही एकदम साधत नाही. तेव्हा सहा इंच सोडू नका, ट्रेलरचं नाक किंचित वर राहिलं तर राहू द्या.

बसवून झाल्यावर रविवारी सकाळी एखाद्या रिकाम्या मोठ्या पार्किंगमध्ये जा. एकाला कॅबच्या मागच्या कोपऱ्यापाशी उभं करा, पण ट्रक आणि ट्रेलरच्या मध्ये नव्हे. फोन चालू ठेवा आणि चालीने रिव्हर्स करत आधी डावीकडे, मग उजवीकडे वळवा. चार इंच उरले की तो "थांब" म्हणेल. तिथे थांबून आरशात ट्रेलरचा कुठला भाग दिसतो ते बघा आणि त्या जागी रंगीत टेप चिकटवा. दोन्ही बाजूंना. पुढे ती टेप दिसली की वळवणं बंद.

दर वेळी जोडल्यावर ट्रेलरचे पाय जमिनीवर असतानाच त्याचे ब्रेक धरून ट्रक पुढे ओढून बघा. पिन जबड्यात न जाता वरच टेकली असेल तर ती इथेच निसटेल आणि ट्रेलर पायांवर उभा राहील, तुमच्या बेडवर आदळणार नाही. ब्रेकअवेची तार (ट्रेलर सुटला तर ओढली जाऊन त्याचे ब्रेक लावणारी) ट्रकला अडकवा, हिचला नको. हिचच उपटला गेला तर तीही त्याच्याबरोबर जाईल. पहिल्या सहलीहून आल्यावर सगळे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा, नवीन रेलचे बोल्ट हमखास थोडे सैल झालेले सापडतात.