डिटॅच्ड ऑब्जेक्ट परत टेबलात घालण्याआधी

सोयाबीनच्या हंगामात लातूरच्या अडत दुकानातला संगणक दिवसभर चालू असतो. मुनीम एका शेतकऱ्याची नोंद उघडतो, तेवढ्यात दारात गाडी लागते. तो काट्यावर जातो आणि अर्ध्या तासाने येऊन 'जतन करा' दाबतो. हायबरनेट म्हणजे जावाचे ऑब्जेक्ट आणि डेटाबेसातली टेबलं यांची सांगड घालणारं साधन (ओआरएम). त्याच्या ज्या सेशनने, म्हणजे डेटाबेसाशी चाललेल्या संवादाने, ती नोंद वाचली होती ते केव्हाच बंद झालेलं असतं. हातात उरतो तो डिटॅच्ड ऑब्जेक्ट, म्हणजे सेशनपासून सुटलेली नोंदीची प्रत. तो परत डेटाबेसात नेणारा कोड लिहायला बसण्याआधी थोडी तयारी करा.

सगळ्यात आधी फॉर्मवर काय आहे आणि टेबलात काय आहे हे शेजारी-शेजारी लिहून काढा. मी हे केलं नव्हतं. फॉर्मवर नाव, गाव, मोबाईल एवढंच होतं; टेबलात बँकेचा खाते क्रमांकही होता. फॉर्मवरून नवा ऑब्जेक्ट बनवला, आयडी घातला, मर्ज केलं, म्हणजे त्यातलं सगळं टेबलातल्या नोंदीवर उतरवायला सांगितलं. मर्जने जुनी नोंद आणली आणि माझ्या ऑब्जेक्टातलं सगळं तिच्यावर उतरवलं, रिकामा खाते क्रमांकसुद्धा. संध्याकाळी पट्टीचे (मालाच्या हिशेबाच्या बिलाचे) पैसे टाकायला बसल्यावर ते कळलं आणि लोकांना पासबुकं घेऊन परत बोलवावं लागलं. आपल्या मनात नल (रिकामी किंमत) म्हणजे 'माहीत नाही', ओआरएमच्या लेखी 'पुसून टाक'. डायनॅमिक अपडेट (फक्त बदललेले कॉलम लिहिण्याची सोय) लावूनही हे टळत नाही, कारण भरलेल्या जागेचं नल होणं हाही त्याला बदलच दिसतो. अर्धा फॉर्म असेल तर ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळे बदल एकत्र पक्के होतात अशा व्यवहारात) आयडीने नोंद काढा आणि आली तेवढीच फील्डं सेट करा. कमिटच्या, म्हणजे बदल पक्के करण्याच्या, वेळी डर्टी चेकिंग (काय बदललं ते हायबरनेटने स्वतः ओळखणं) बाकीचं बघून घेतं.

मग व्हर्जन कॉलम, म्हणजे नोंद बदलली की दर वेळी वाढणारा आकडा. तो नसेल तर पुढे जाऊच नका. मुनीम काट्यावर असताना दुसऱ्याने ६२ कट्ट्यांचे (पोत्यांचे) ६० केले, तर परत आलेल्या मुनिमाचे जुने ६२ त्यावर गुपचूप चढतात. व्हर्जन असेल तर अपडेटला 'व्हर्जन ७ असेल तरच' अशी अट लागते आणि जुनी नोंद अडवली जाते. मात्र तो आकडा फॉर्मसोबत लपलेल्या फील्डमधून जाऊन परत आला पाहिजे. इथे एक फसवी जागा आहे: वर सांगितल्याप्रमाणे नोंद ताजी काढून फील्डं बदललीत, तर तपासणी ताज्या व्हर्जनशी होते आणि ती जवळजवळ नेहमीच पास होते. अशा वेळी फॉर्मचा आकडा स्वतःच ताडून पाहा.

मर्ज वापरणार असाल तर पुढचं काम त्याने परत दिलेल्या ऑब्जेक्टवर करा. तुम्ही दिलेला डिटॅच्डच राहतो. जुन्या कोडात सेशनची अपडेट ही मेथड वापरलेली असेल तर ते आत्ताच बदला. हायबरनेट ६ मध्ये ते कालबाह्य ठरवलं आणि ७ मध्ये काढूनच टाकलं.

हमाली-तोलाईच्या ओळी पट्टीला जोडलेल्या असतील तर कॅस्केड (पट्टीवरचं काम ओळींवरही लागू होणं) आणि ऑर्फन रिमूव्हल (यादीतून गळलेल्या ओळी पुसणं) तपासा. दोन्ही चालू असताना रिकामी यादी मर्ज केली की त्या ओळी टेबलातून डिलीट होतात. आणलीच नाही अशी लेझी (गरज पडल्यावरच वाचली जाणारी) यादी मात्र सुरक्षित राहते.

शेवटी एसक्यूएल लॉग (डेटाबेसाला गेलेल्या आज्ञांची नोंद) चालू करा, एकच नोंद दोन खिडक्यांत उघडा, दोन्हीकडे वेगळा बदल करून ओळीने जतन करा. दुसऱ्या खिडकीत मुनिमाला कळेल अशा मराठीत 'ही नोंद मधे बदलली आहे, पुन्हा उघडा' असं आलं, की मग कोड दुकानात चढवा.