दुसऱ्या राज्याचं पिस्तूल परमिट: प्रशिक्षणातल्या या चुका टाळा

न्यू जर्सीतल्या एडिसनला राहणाऱ्या माझ्या एका मित्राने अख्खा शनिवार खर्चून पिस्तुलाचा सेफ्टी क्लास केला. सोनेरी किनारीचं देखणं सर्टिफिकेट मिळालं. त्याच्या जोरावर त्याने यूटा राज्याच्या परमिटसाठी अर्ज केला आणि तो परत आला. शिकवणारा माणूस जुनाजाणता होता, त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. पण यूटाला लागतो त्यांच्याच ब्युरो ऑफ क्रिमिनल आयडेंटिफिकेशनने प्रमाणित केलेला इन्स्ट्रक्टर, सर्टिफिकेटवर त्याची सही आणि त्याचा अधिकृत शिक्का. मित्राच्या कागदावर शिक्क्याच्या जागी गरुडाचं चित्र होतं.

अमेरिकेत पिस्तूल जवळ बाळगण्याचं परमिट राज्य देतं आणि प्रशिक्षण कसं हवं तेही राज्यच ठरवतं. म्हणून आधी राज्य ठरवा, त्याचे नियम त्याच्या सरकारी साइटवर वाचा, आणि मगच क्लासचे पैसे भरा. आपल्याकडची बरीच मंडळी नेमकं उलटं करतात, कारण क्लासची जाहिरात आधी दिसते.

व्हिसावर असताना क्लासला जाणं

बाकी चुकांनी पैसे जातात, या चुकीने सगळंच जाऊ शकतं. एच-१बी, एल-१, एफ-१, बी-२ अशा नॉनइमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या मुक्कामाच्या, व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतूस ताब्यात ठेवणं हा केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा १५ वर्षांपर्यंत. कायद्यात काही अपवाद आहेत, त्यातला नेहमी सांगितला जाणारा म्हणजे कुठल्या तरी राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. ते नसेल तर नेमबाजीच्या रेंजवर भाड्याने घेतलेलं पिस्तूल हातात धरणंसुद्धा ‘ताब्यात ठेवणं’ धरलं जातं. म्हणजे ज्या क्लासात गोळी झाडायची असते, तो क्लास करतानाच गुन्हा घडू शकतो. हंटिंग लायसन्स आहे म्हणून परमिट मिळेलच असंही नाही. फ्लोरिडाच्या कायद्यात तर अर्जदार नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक हवा असं स्वच्छ लिहिलं आहे.

भारतातून सासूसासरे आलेत, अमेरिका दाखवायची म्हणून रेंजवर नेऊन त्यांचा फोटो काढायचा, ही हौसही याच कलमात बसते. तो फोटो फॅमिली ग्रुपवर टाकणाऱ्यांना काय म्हणावं! ग्रीन कार्ड आलं की मग निवांत शिका, पिस्तूल कुठे पळून जात नाही.

एक सर्टिफिकेट सगळीकडे चालेल असं धरून चालणं

यूटाच्या क्लासात गोळी झाडावी लागत नाही. फ्लोरिडा बाहेरच्या राज्यातला एनआरएचा (नॅशनल रायफल असोसिएशनचा) क्लासही मान्य करतं, पण तुम्ही पिस्तूल नीट हाताळलं आणि खरं काडतूस झाडलं हे इन्स्ट्रक्टरने स्वतः समोर उभं राहून पाहिलेलं हवं. त्यामुळे यूटाचा नुसता बैठा क्लास फ्लोरिडाला पुरत नाही आणि फ्लोरिडासाठी केलेला यूटाला चालत नाही. ‘एका दिवसात दोन परमिट’ ही जाहिरात खरी असू शकते, पण त्या इन्स्ट्रक्टरकडे यूटाचं प्रमाणपत्र आहे का आणि गोळीबार करून घेणार का, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

मेरीलँडमध्ये वेगळीच गल्लत होते. तिथे पिस्तूल विकत घेण्यासाठी हँडगन क्वालिफिकेशन लायसन्स लागतं, त्याचा क्लास ४ तासांचा. जवळ बाळगण्याच्या परमिटला मात्र पहिल्यांदा १६ तास आणि नूतनीकरणाला ८ तास. चार तासांचा कागद लावून सोळा तासांच्या परमिटची अपेक्षा करणारे लोक मी पाहिलेत. मेरीलँड दुसऱ्या कुठल्याही राज्याचं परमिट मानत नाही, त्यामुळे बाहेरच्या माणसालाही हे सोळा तास चुकत नाहीत. न्यू यॉर्कमध्ये २०२२च्या कायद्याने १६ तास वर्गात आणि २ तास रेंजवर, असे एकूण १८.

ऑनलाइन क्लास आणि शिळा कागद

व्हर्जिनियाला पूर्वी ऑनलाइन क्लास चालायचा. १ जानेवारी २०२१ पासून तो बंद झाला, पण जुने व्हिडिओ अजून फिरत असतात. यूटालाही प्रत्यक्ष हजेरीच लागते. यूटा आणि मिनेसोटात अर्जाच्या आधीच्या वर्षभरातलंच प्रशिक्षण धरतात, तेव्हा फाइलमध्ये जपून ठेवलेला तीन वर्षांपूर्वीचा कागद आठवण म्हणूनच ठेवा.

टेक्सासमधल्यांसाठी आणखी एक खाच आहे. तुमचं राज्य यूटाचं परमिट मानत असेल, तर यूटा आधी तुमच्या राज्याचं परमिट मागतं. टेक्सास मानतं, म्हणून डॅलसच्या माणसाला टेक्सासचं लायसन्स टू कॅरी आधी काढावं लागतं. न्यू जर्सी मानत नाही, तिथल्यांना ही अट नाही.

रेंजवरच्या दिवशी

गळाबंद टी-शर्ट, पुढे झाप असलेली टोपी आणि बंद बूट घाला. पिस्तुलातून उडालेली रिकामी पुंगळी चांगलीच तापलेली असते. ती सैल गळ्यातून आत गेली की माणूस दचकून वळतो, आणि त्याच्याबरोबर हातातल्या पिस्तुलाची नळीही वळते. माझ्या शेजारच्या लेनमध्ये एका बाईंचं हेच झालं. इन्स्ट्रक्टरने एका हाताने त्यांचं मनगट समोर दाबून धरलं आणि शांतपणे म्हणाला, “भाजू दे, आधी पिस्तूल खाली ठेवा.” नळी समोर, बोट चापाबाहेर, मग बाकी सगळं. मॅगझिन (काडतुसांची पेटी) काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं हा समजही तिथेच सोडून या. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खाचेत, एक काडतूस राहिलेलं असू शकतं. स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग) मागे ओढा, डोळ्याने बघा, बोट घालून चाचपा.

परमिट हातात पडल्यावर

कुठलं परमिट कुठल्या राज्यात चालतं ते दाखवणाऱ्या नकाशात हिरवी दिसणारी सगळी राज्यं तुम्हाला खुली असतातच असं नाही. मिशिगन आणि कोलोरॅडो दुसऱ्या राज्याचं परमिट मानतात, पण ते त्या राज्याच्या रहिवाशाला दिलेलं असेल तरच. एडिसनला राहून काढलेलं यूटाचं परमिट तिथे निरुपयोगी, आणि खुद्द न्यू जर्सीत तर बाहेरचं कुठलंच चालत नाही.

आणि क्लासला नेलेली सॅक. तीच भारताच्या फ्लाइटला केबिन बॅग म्हणून उचलायची आपली सवय. तळाच्या शिवणीत अडकलेलं एक जिवंत काडतूस मुंबई विमानतळावर सापडलं, तर तिथे १९५९चा शस्त्र कायदा लागतो आणि यूटाचं परमिट दाखवून काही होत नाही. रेंजसाठी वेगळी पिशवी घ्या. ती नसेल तर निघायच्या आदल्या रात्री सॅक उलटी करून झटका, प्रत्येक कप्पा चाचपा.