आर्म म्हणजे दंड, हात नव्हे

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून नर्सिंगला आलेल्या मुलामुलींना अनॅटॉमीची, म्हणजे शरीररचनाशास्त्राची, धास्ती असते ती तिच्यातल्या अवघड नावांची. मलाही तीच होती. प्रत्यक्षात स्टर्नम (छातीचे मधले हाड) किंवा स्कॅप्युला (खांद्याचे पाते) या शब्दांनी मला कधीच अडचणीत आणले नाही, कारण ते अनोळखी असल्यामुळे मी ते जपून पाठ केले होते. मला फसवले ते आर्म आणि लेग या दोन शब्दांनी, जे लहानपणापासून येत असल्यामुळे मी पुस्तकात नीट वाचलेच नव्हते.

पेशी, ऊती, अवयव आणि संस्था ही रचना तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून थेट चुकीकडे येते. कोल्हापुरात वॉर्डची ड्युटी सुरू झाली, तेव्हा डाव्या मांडीला टाके घातलेल्या एका आजोबांच्या नोंदीत मी ‘लेफ्ट लेग’ असे लिहिले. ते स्वतः ‘पाय ठणकतोय’ म्हणत होते आणि पाय म्हणजे लेग हे मी गृहीत धरले होते. सिस्टरांनी मांडीवरच्या पट्टीकडे बोट दाखवून ती नोंद मला पुन्हा लिहायला लावली. काय चुकले हे मला त्या रात्री पुस्तक उघडल्यावरच समजले.

अनॅटॉमीत लेग म्हणजे केवळ गुडघ्यापासून घोट्यापर्यंतचा भाग, ज्यात टिबिया आणि फिब्युला ही हाडे असतात. गुडघ्याच्या वर थाय, म्हणजे मांडी, आणि तिच्यात एकटे फीमर. घोट्याच्या खाली फूट, म्हणजे पाऊल. आर्म म्हणजे खांद्यापासून कोपरापर्यंतचा दंड, त्यात ह्युमरस. कोपरापासून मनगटापर्यंत फोरआर्म, त्यात रेडियस आणि अल्ना. आणि मनगटाच्या पुढे हँड. संपूर्ण हाताला अप्पर लिंब आणि संपूर्ण पायाला लोअर लिंब म्हणतात. हा परिच्छेद कृपया पुन्हा एकदा वाचा.

आपल्या भाषेत हे भेद नाहीत असे मुळीच नाही. माझे मामा शिवाजी पेठेतल्या तालमीत घडले. त्यांच्या बोलण्यात दंड भरतो, मांडी भरते, पोटरीत गोळा येतो, पण ‘हात भरला’ असे मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नाही. त्यांच्या शब्दांवर इंग्रजी नावे बसवत गेले, तेव्हा बायसेप्स ब्रॅकाय हा स्नायू दंडात आणि बायसेप्स फेमोरिस हा मांडीच्या मागच्या बाजूला, हे वेगळे पाठ करावे लागले नाही. सीनियरांच्या झेरॉक्स नोट्समधल्या, नावे पाठ करायच्या यमकांवर माझा विश्वास नाही. त्यांनी क्रम लक्षात राहतो, जागा राहत नाही. जागा बोटांनी शिकावी. तळवा वर ठेवून कोपराच्या घडीत, करंगळीच्या बाजूला, दोन बोटे टेकवा. तिथे उडते ती ब्रॅकियल धमनी, आणि बीपी मोजताना स्टेथोस्कोप तिच्यावरच ठेवायचा असतो. अनॅटॉमिकल पोझिशनमध्ये, म्हणजे वर्णनासाठी ठरलेल्या उभ्या स्थितीत, तळवे पुढे असतात, म्हणून करंगळीची बाजू मीडियल (शरीराच्या मध्यरेषेकडची) आणि अंगठ्याची लॅटरल (बाहेरची).

डावे-उजवे नेहमी रुग्णाचे, समोर उभ्या असलेल्या तुमचे नव्हे; इथे गफलत खपवून घेतली जात नाही आणि घेतली जाऊही नये. बाकी नावांना वेळ लागला तर घाबरू नका, मला पहिली सहामाही पूर्ण लागली. आजही कोणी ‘पाय दुखतोय’ म्हणाले, की मी ‘बोट ठेवून दाखवा’ म्हणते आणि मगच पेन उचलते.