नागपुरात घर, म्युनिकचा पगार: रिटर्न भरण्याआधीची तयारी

मी त्रिमूर्तीनगरच्या घरातून म्युनिकच्या एका कंपनीचं काम करते. कंपनीचं भारतात ऑफिस नाही, पगार युरोमध्ये होतो आणि वर्षातून एक-दोनदा तिकडे जाऊन काम करावं लागतं. पहिल्या वर्षी मी थेट जुलैत कागद शोधायला बसले आणि त्याचा भुर्दंड व्याजासकट भरला. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे सगळं लिहून काढते आहे. फॉर्मचे क्रमांक आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या रिटर्नचे आहेत. १ एप्रिल २०२६ पासूनच्या कमाईला प्राप्तिकर कायदा, २०२५ लागू झाला आहे, त्यामुळे पुढच्या खेपेला क्रमांक पुन्हा तपासून घ्या.

आधी पासपोर्ट काढा आणि १ एप्रिल ते ३१ मार्च या काळातला एकेक दिवस वहीत मांडा. कुठे होतो आणि त्या दिवशी काम केलं का, असे दोनच रकाने पुरतात. भारतात १८२ किंवा त्याहून जास्त दिवस राहिलात तर तुम्ही इथले रहिवासी ठरता. ज्यांचं घरदार नागपुरातच आहे त्यांच्यापैकी बहुतेकांचं उत्तर हेच निघतं, आणि मग जगभरातली कमाई भारताच्या रिटर्नमध्ये दाखवावी लागते. दिवस मोजताना एक लक्षात ठेवा, आपण विमानात बसतो नागपूरहून, पण परदेशी जाण्याचा शिक्का लागतो मुंबईचा किंवा दिल्लीचा, तोही कधी मध्यरात्रीनंतरचा. तारीख त्या शिक्क्याची धरा. युरोपात तर १२ ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्यांऐवजी बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली, म्हणजे पासपोर्टची पानं कोरीच राहणार. म्हणून बोर्डिंग पास जपा, आणि त्याच दिवशी त्याचा फोटो काढून ठेवा. माझे पहिल्या वर्षीचे पास कपाटाच्या वरच्या कप्प्यात होते. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात ते तिथेच राहिले आणि छपाई उडून गेली; जूनमध्ये हातात आले ते पांढरे कागद, नाव नाही की तारीख नाही. एका पासवर फक्त सीट नंबराचा अर्धा आकडा दिसत होता.

या वहीवर इतका जोर देते आहे, कारण पगारावरचा कर कुठे बसणार हे काम करताना तुम्ही कुठे होता यावर ठरतं. कंपनी कुठली आणि पैसे कुठल्या बँकेतून आले, एवढ्यावर ते ठरत नाही. भारत आणि जर्मनी यांच्यात १९९५ चा दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार आहे. त्यानुसार नागपुरात बसून केलेल्या कामाच्या पगारावर कर फक्त भारताचा. म्युनिकमध्ये बसून केलेल्या दिवसांच्या पगारावर मात्र जर्मनी कर घेऊ शकते, आणि तो पगार भारतातही दाखवून तिथल्या कराची वजावट मागायची असते, म्हणजे तिथे भरलेला कर इथल्या करातून वजा करून घ्यायचा.

इथे १८३ दिवसांचा घोळ होतो. "अगं, सहा महिन्यांच्या आत परत आलं की तिकडे टॅक्स लागतच नाही," हे मला निदान चार जणांनी सांगितलं. ते अर्धंच खरं आहे. त्या सवलतीला आणखी अटी आहेत, आणि त्यातली महत्त्वाची म्हणजे पगार देणारी कंपनी त्या देशातली नसावी. नागपूरच्या मिहान उद्योगक्षेत्रातल्या एखाद्या भारतीय कंपनीने तुम्हाला दोन महिने जर्मनीतल्या ग्राहकाकडे पाठवलं आणि पगार इथूनच दिला, तर सवलत सहसा मिळते. माझी कंपनी जर्मन, त्यामुळे मला तिथला पहिला दिवससुद्धा मोजावा लागतो.

आकड्यांत सांगते. समजा वर्षात कामाचे दिवस २२०, त्यातले ३३ म्युनिकमध्ये, म्हणजे १५ टक्के. पगार ४० लाख असेल तर जर्मनीच्या वाट्याला ६ लाख आले. नव्या करप्रणालीत एवढ्या पगारावर भारतातला सरासरी दर साधारण २० टक्के पडतो, म्हणजे त्या ६ लाखांवर इथला कर सुमारे १ लाख २० हजार. जर्मनीने दीड लाख घेतले असतील तरी वजावट १ लाख २० हजारांचीच मिळेल, कारण दोन्हींतली कमी असेल तीच रक्कम धरतात. आणि कंपनीने चुकून सगळ्या ४० लाखांवर जर्मन कर कापला असेल, तर करारापेक्षा जास्तीचा तो कर भारत मोजत नाही. तो जर्मनीच्या कर कार्यालयाकडूनच परत मागावा लागतो. माझ्या बाबतीत पहिले तीन महिने नेमकं हेच झालं होतं. परताव्यासाठी तुम्ही कराच्या दृष्टीने भारताचे रहिवासी असल्याचा दाखला लागतो, त्याला टॅक्स रेसिडेन्सी सर्टिफिकेट म्हणतात. फॉर्म १०एफए भरून आपल्या निर्धारण अधिकाऱ्याकडे (आयकर खात्याचा असेसिंग ऑफिसर) अर्ज करायचा, दाखला १०एफबीमध्ये मिळतो. नागपूरकरांसाठी हे सिव्हिल लाइन्समधल्या आयकर भवनाचं काम. ते शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

तिकडून मागवायचे कागद दोनच आहेत. एक, दर महिन्याची पगाराची स्लिप. दुसरा, वर्षभरात कापलेल्या कराचा दाखला, ज्याला जर्मनीत लोनश्टॉयरबेशायनिगुंग म्हणतात. जर्मनीचं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर असतं, आपलं एप्रिल ते मार्च. त्यामुळे एका भारतीय वर्षासाठी दोन जर्मन दाखले लागतात आणि महिन्यांचा मेळ स्लिपांवरून घालावा लागतो. कंपनीच्या पगार विभागाला फेब्रुवारीतच मेल टाका.

युरोचे रुपये करताना बँकेत प्रत्यक्ष जमा झालेला आकडा चालत नाही. पगार ज्या महिन्याचा, त्याच्या आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशीचा स्टेट बँकेचा टीटी बायिंग दर, म्हणजे बँक आपल्याकडून परकीय चलन घेते तो दर, धरायचा. परदेशात भरलेल्या करालाही तोच नियम: कर ज्या महिन्यात कापला, त्याच्या आदल्या महिनाअखेरचा दर. हे दरपत्रक दर महिनाअखेरीला उतरवून एका फोल्डरमध्ये ठेवा. जुने दर नंतर शोधत बसणं फार जिवावर येतं.

आता माझी चूक. इथल्या नोकरीत टीडीएस, म्हणजे पगारातून आधीच वळता होणारा कर, आपोआप कापला जातो, त्यामुळे कर भरणं हे आपलं काम आहे याची सवयच मोडलेली असते. परदेशी कंपनी भारताचा टीडीएस कापत नाही. वर्षाचा कर १० हजार किंवा त्याहून जास्त होत असेल तर अ‍ॅडव्हान्स टॅक्स स्वतः भरायचा: १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण. चुकलात तर कलम २३४बी आणि २३४सीखाली महिन्याला १ टक्का व्याज. मी चारही तारखा हुकवल्या होत्या. तेव्हापासून पगार आला की त्याच दिवशी कराचा अंदाजे भाग वेगळ्या खात्यात टाकते, त्याला घरातलं कुणी हात लावत नाही.

तिकडे बँक खातं असेल, कंपनीने शेअर दिले असतील, तर रिटर्नमधलं शेड्यूल एफए, म्हणजे परदेशातल्या मालमत्तेचा तक्ता, भरावं लागतं. त्यात हिशोब कॅलेंडर वर्षाचा, म्हणजे २०२५-२६ साठी ३१ डिसेंबर २०२५ ला संपलेल्या वर्षाचा. खातं कधी उघडलं, वर्षातली सर्वाधिक शिल्लक, अखेरची शिल्लक आणि व्याज, एवढं त्या बँकेच्या स्टेटमेंटवरून काढून ठेवा. खात्यात चाळीस युरो पडून असले तरी दाखवा. न दाखवण्याला काळा पैसा कायद्यात १० लाखांचा दंड आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून २० लाखांपर्यंतच्या मालमत्तेला, जमीन-घर सोडून, त्या दंडातून सूट मिळाली, पण दाखवण्याचं बंधन तसंच आहे. परदेशी बँकांची माहिती देशोदेशींच्या करारांमुळे आपल्या आयकर खात्याकडे आपोआप येते. असं परदेशी बँक खातं असेल तर रिटर्नचा साधा फॉर्म आयटीआर-१ चालत नाही, पगारदारांनी आयटीआर-२ घ्यायचा.

नोकरी नसून सल्लागार म्हणून बिल पाठवत असाल तर यादी थोडी बदलते. प्रत्येक रकमेसाठी बँकेकडून परदेशी रक्कम आल्याची पावती घ्या आणि तिच्यावरचा पर्पज कोड, म्हणजे पैसे कशासाठी आले ते सांगणारा क्रमांक, बघा. सॉफ्टवेअर सल्ल्याचा पी०८०२ असतो. वर्षाची उलाढाल २० लाखांपुढे गेली की जीएसटी नोंदणी आणि एलयूटी (जीएसटी न भरता परदेशी बिल पाठवण्यासाठीचं हमीपत्र) लागतं. महाराष्ट्राचा व्यवसाय कर, वर्षाला २,५०० रुपये, स्वतः नोंदणी करून भरायचा. तो बहुतेकांच्या ध्यानातच नसतो.

एवढं जमलं की परदेशी कराच्या वजावटीसाठीचा फॉर्म ६७ ऑनलाइन भरा आणि सोबत जर्मन दाखला जोडा. मी तो रिटर्नच्या आधी भरते, म्हणजे रिटर्नमधल्या शेड्यूल एफएसआय (परदेशी कमाई) आणि टीआर (परदेशी कराची वजावट) या तक्त्यांतले आकडे त्याच्यावरूनच उतरवता येतात आणि दोन्हीकडे एक रुपयाचाही फरक राहत नाही. रिटर्न भरल्यावर ३० दिवसांच्या आत ई-व्हेरिफाय करा, दोन्ही पोचपावत्यांच्या प्रती काढून पासपोर्टच्या पाकिटात ठेवा, आणि नव्या वर्षाची दिवसांची वही १ एप्रिलपासून लिहिली जाते आहे ना, ते एकदा उघडून बघा.