दृष्टीची मर्यादा असताना मजकूर आणि ध्वनीच्या क्षेत्रात व्यवसाय कसा उभारावा

जाहिरातलेखन, पॉडकास्ट, निवेदन किंवा समाजमाध्यमांसाठीचा मजकूर यांपैकी कोणतेही काम निवडले, तरी दृष्टिहीन वा अल्पदृष्टी व्यक्तीने आधी एक गोष्ट तपासून घ्यावी. ब्रीफ, म्हणजे ग्राहकाने दिलेला कामाचा तपशील, हाती आल्यापासून अंतिम फाइल पाठवेपर्यंत कोणत्या पायऱ्या आपल्याला एकट्याने पार पाडता येतात आणि नेमके कुठे अडते, हे एखादे छोटे काम पूर्ण करूनच कळते. अडण्याची जागा ठाऊक असली की तिथे किती मदत लागेल हे ग्राहकाला स्पष्ट सांगता येते, आणि ‘मला सगळे जमेल’ या आश्वासनापेक्षा त्याला तेच अधिक विश्वासार्ह वाटते, असे माझे मत आहे.

विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, विनामूल्य मिळतो. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या दृष्टिहीन प्रोग्रॅमरने २००६ मध्ये तो लिहायला घेतला. त्याच्यासोबत येणारा ईस्पीक हा आवाज मराठीही वाचतो. तो यांत्रिक आहे खरा, पण वेग वाढवूनही समजतो, म्हणून त्याची सवय करून घ्यावी.

मराठीत काम करणाऱ्यापुढे मात्र आणखी दोन अडचणी येतात, आणि त्यांबद्दल कोणी फारसे सांगत नाही. पहिली टंकांची, म्हणजे फॉन्टची, आहे. छपाईच्या व्यवसायातून येणारा पुष्कळसा जुना मजकूर युनिकोडपूर्व टंकांत, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षरांना स्वतंत्र संकेत देणारी युनिकोड ही प्रणाली रूढ होण्याआधीच्या टंकांत, असतो. त्यात देवनागरी अक्षरांच्या जागी प्रत्यक्षात रोमन अक्षरे आणि चिन्हे साठवलेली असल्यामुळे पडद्यावर शुद्ध मराठी दिसत असली, तरी स्क्रीन रीडर अर्थहीन बडबड करतो. म्हणून ‘मजकूर युनिकोडमध्येच पाठवावा’ ही अट दरपत्रकातच लिहावी, आणि जुन्या फाइली रूपांतरित करून देण्याचे शुल्क वेगळे लावावे.

दुसरी अडचण ऱ्हस्व-दीर्घाची. ‘आणि’ असे लिहिले काय किंवा ‘आणी’ असे लिहिले काय, ऐकताना फरक सहज निसटतो, आणि मथळ्यातली अशी चूक ग्राहक विसरत नाही. ब्रेल डिस्प्ले, म्हणजे पडद्यावरचा मजकूर उठावाच्या बिंदूंत दाखवणारे उपकरण, उपलब्ध असेल, तर अंतिम वाचन बोटांनीच करावे, कारण भारती ब्रेलमध्ये, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या ब्रेल लिपीत, ऱ्हस्व इकार २-४ या बिंदूंनी आणि दीर्घ ईकार ३-५ या बिंदूंनी लिहिला जात असल्याने गल्लत होत नाही. डिस्प्ले महागडा आहे. तो नसेल तर नेहमी चुकणाऱ्या शब्दांची यादी करून ते एकेक ‘शोधा’ या सोयीने तपासावेत, किंवा मुद्रितशोधकाला ठरावीक मोबदला देऊन काम सोपवावे.

ध्वनिसंपादनासाठी रीपर हे सॉफ्टवेअर आणि त्याला जोडण्याचा ओसारा हा विनामूल्य विस्तार शिकावा. ओसारा सुरू करणारे जेम्स टेह एनव्हीडीएच्या उभारणीतही होते, त्यामुळे दोन्हींचे चांगले जुळते. ध्वनीची पातळी मर्यादेबाहेर गेली तर ते बोलून कळवण्याची सोय त्यात आहे. निवेदन करताना संहिता एका कानात ऐकत पाठोपाठ बोलण्याची पद्धत अनेकजण वापरतात. तिला सराव लागतो, आणि स्क्रीन रीडरचा आवाज मायक्रोफोनमध्ये झिरपू नये म्हणून हेडफोन पूर्ण बंद कपांचा घ्यावा.

नोकरी हवी असेल, तर २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम एकदा मुळातून वाचावा. सरकारी आस्थापनांतील ४ टक्के आरक्षणापैकी १ टक्का अंध व अल्पदृष्टी उमेदवारांसाठी असतो, हे बहुतेकांना माहीत असते. पण कलम २१ नुसार प्रत्येक आस्थापनेने, म्हणजे खासगी कंपनीनेही, समान संधी धोरण जाहीर करायचे असते. मुलाखतीआधी ते मागून वाचावे आणि आपली मागणी त्याच्या आधारे, मोजक्या शब्दांत लेखी मांडावी: ‘माझ्या संगणकावर स्क्रीन रीडर बसवण्याची परवानगी हवी, लेखी चाचणीचा मजकूर चित्ररूपात नव्हे, तर वर्ड फाइलमध्ये हवा.’

रंगसंगती, मांडणी आणि छायाचित्रांची निवड ज्या कामात मुख्य आहे, ते एकट्याने अंगावर घेऊ नये. एखाद्या डिझायनरशी कायमची जोडी जमवावी, संकल्पना आणि शब्द आपले, दृश्यरचना त्याची, अशी विभागणी करावी, आणि श्रेय व पैसे यांची वाटणी पहिल्या कामाआधीच लिहून ठेवावी.