आखाडासाठी गावरान कोंबडी: विक्रीची तयारी आतापासून

आखाड लागला की गावरान कोंबड्याला मागणी चढते आणि गटारीला टोकाला जाते. म्हणून बरेच जण सगळा माल शेवटच्या दोन दिवसांसाठी राखून ठेवतात. त्यात तोटा आहे. त्या दिवशी बाजारात डालगीच डालगी येतात. दुपारी पाऊस आला की गिऱ्हाईक पांगतं, आणि उरलेला माल व्यापारी नगावर, मागेल त्या भावात उचलतो. उद्यापासून श्रावण आहे, हे त्यालाही ठाऊक असतं. निम्मे पक्षी आखाडातल्या मंगळवार-शुक्रवारच्या जत्रांना आणि आधीच्या रविवारी काढा. एकादशी, सोमवार, गुरुवार, शनिवार सोडून द्या. तुमच्या गावचा बाजारच सोमवारी असेल, तर शेजारच्या गावचा बाजार गाठलेला बरा.

फेब्रुवारी-मार्चची पिल्लं आता चार महिन्यांच्या आसपास असतील. काट्यावर घेऊन बघा. किलोच्या आतला कोंबडा आखाडाला धरू नका. बाकीचे वेगळे काढून, दिवसभर मोकळं चरून आल्यावर संध्याकाळी प्रत्येकी 40-50 ग्रॅम भरडलेला मका द्या. महिनाभरात ते 1200-1300 ग्रॅमवर येतात. खुराड्यातली ओल मात्र जाऊ द्यायची नाही. ओल्या तुसात रक्ती हगवण सुरू झाली की खाल्लेलं अंगी लागत नाही. औषध दिलंच, तर पाकिटावर लिहिलेले थांबायचे दिवस पूर्ण झाल्याशिवाय तो पक्षी विकू नये.

बाजाराला जाताना रात्रभर दाणा बंद ठेवा, पाणी चालू ठेवा. पोट रिकामं असलं की वाटेत घाण कमी होते आणि कापताना आतडं फुटून मांस खराब होत नाही. 1300 ग्रॅमच्या कोंबड्याचं वजन यात 40-50 ग्रॅमने उतरतं, ते भावात धरा. ब्रॉयलरच्या क्रेटमध्ये दहा-बाराच पक्षी भरा. पाय बांधून उलटे लटकवून नेलेल्या कोंबडीच्या मांड्या काळ्यानिळ्या पडतात. शिवाय ते प्राणी क्रूरता प्रतिबंधाच्या 1960 च्या कायद्यातही बसत नाही.

नगावर विकू नका, वजनावर विका. इलेक्ट्रॉनिक काट्यावर वैधमापन खात्याचा चालू वर्षाचा शिक्का हवा. जाणतं गिऱ्हाईक कोंबडा उचलून छातीवरची पिसं फुंकतं आणि छातीच्या हाडाचं मागचं टोक चिमटीत धरून वाकवतं. वाकलं तर कोवळा. पायामागचा काटा लांब आणि टणक असेल तर जून. जून पक्षीही खपतो, फक्त सांगून विका. डीपी किंवा गिरिराज, म्हणजे गावरानासारखा दिसणारा संकरित पक्षी, गावरानाच्या नावाखाली खपवला, तर ते गिऱ्हाईक पुन्हा तुमच्या डालग्याकडे फिरकत नाही.

कापून विकायचं असेल तर अन्नसुरक्षा खात्याची नोंदणी लागते. दिवसाला 50 कोंबड्यांपर्यंत साधी नोंदणी चालते, ती फॉसकॉस संकेतस्थळावर होते. जिवंत वजनातून कातडीसकट 65 ते 70 टक्के मांस मिळतं. जिवंत कोंबडी 400 रुपये किलो असेल, तर कापलेलं मांस 600 च्या खाली परवडत नाही, मजुरी आणि बर्फ वेगळा. पिसं काढायचं पाणी 60 अंशांच्या आसपास ठेवा. उकळत्या पाण्यात कातडी फाटते आणि मग भाजून, हळद लावूनही माल देखणा दिसत नाही. पिसं-आतडी चुना टाकून खड्ड्यात पुरा, विहिरीपासून लांब.

सगळ्यात महागात पडतो तो न विकता परत आलेला पक्षी. बाजारात दहा गावच्या कोंबड्या एकमेकींना लागून बसलेल्या असतात. मानमोडी (राणीखेत रोग) तिथूनच घरी येते आणि आठवड्याभरात खुराडं रिकामं करते. परत आणलेले पक्षी किमान दोन आठवडे वेगळ्या झापाखाली, वेगळ्या भांड्यात ठेवा. त्यांचं दाणापाणी घरच्या कळपानंतर करा. क्रेट धुऊन उन्हात वाळवल्याशिवाय आत आणू नका. मानमोडीची आर-टू-बी लस आठ-दहा आठवड्यांच्या वयातच टोचलेली हवी. विक्रीच्या तोंडावर टोचली तर पक्षी मलूल पडतो आणि वजन घटतं.

गटारीनंतर तलंगा, म्हणजे तरुण माद्या, अंड्यांसाठी ठेवा. कोंबडे नुसते खात बसतात, म्हणून श्रावणात फार तर पैदाशीपुरते, आठ-दहा माद्यांमागे एक. पुढच्या आखाडाचा हिशोब पंचांग उघडून मागे मोजावा: गटारीच्या पाच महिने आधी पिल्लू बाहेर, त्याच्या 21 दिवस आधी खुडूक कोंबडीखाली अंडी. आषाढाआधी अधिक महिना येत असेल तर गटारी आदल्या वर्षापेक्षा जवळपास तीन आठवडे उशिरा पडते. तेव्हा खुडूकही तेवढीच उशिरा बसवा.